एक लिंक गुगलवर वर कशी नेते, आणि विकत घेतली की खाली कशी आणते? बॅकलिंकचं सगळं गणित

२०१० सालचा नाताळ. अमेरिकेत खरेदीचा हंगाम जोरात होता. त्या दिवसांत गुगलवर इंग्रजीत नुसतं 'ड्रेसेस' टाकलं तरी वर एकच नाव दिसायचं, जे. सी. पेनी. चादरी शोधा, पेनी. गालिचे शोधा, पेनी. दिवाणखान्यातलं फर्निचर शोधा, तरी पेनीच. कहर म्हणजे 'सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज' असं थेट कंपनीचं नाव घेऊन बॅग शोधली, तरी खुद्द सॅमसोनाइटच्या वेबसाइटच्या वर पेनी असायची. आणि हे काही महिने चाललं होतं.

पेनी हे अमेरिकेतलं जुनं, देशभर शाखा असलेलं दुकान. नाव मोठं होतं, पण सगळ्याच बाबतीत पहिला नंबर यावा इतकं मोठं? 'न्यूयॉर्क टाइम्स'ला शंका आली. त्यांनी सर्च इंजिनांचा अभ्यास असलेल्या एका तज्ज्ञाला खोलात जायला सांगितलं.

त्याला २,०१५ वेबपानं सापडली. त्या पानांवर 'कॅज्युअल ड्रेसेस', 'इव्हनिंग ड्रेसेस' असे शब्द होते आणि त्यावर क्लिक केलं की माणूस थेट पेनीच्या वेबसाइटवर जायचा. आता ही पानं फॅशनची असती तर कुणाला काही वाटलं नसतं. पण लिंक्स होत्या कॅमेऱ्यांच्या साइटवर, कुत्र्यांच्या साइटवर, घोरण्यावरच्या साइटवर, बाथरूमच्या टाइल्सच्या साइटवर, दातांच्या डॉक्टरांच्या साइटवर. कित्येक साइट तर अशा की त्यांना कुणी वालीच उरला नव्हता.

फेब्रुवारी २०११ मध्ये ही बातमी छापून आली. त्याआधीच वर्तमानपत्राने गुगलला पुरावे दाखवले होते. बुधवारी संध्याकाळी ७ वाजता पेनी सॅमसोनाइट बॅगांच्या शोधात पहिल्या नंबरवर होती. ९ वाजता ती ७१ व्या नंबरवर होती. फर्निचरच्या शोधात पहिल्यावरून ६८ व्या नंबरवर. दोन तासांत.

या लिंक्स आपण लावायला सांगितल्या नव्हत्या, आपल्याला त्याची कल्पनाही नव्हती, असं पेनीने सांगितलं आणि एसईओचं काम बघणाऱ्या कंपनीला काढून टाकलं. पण प्रश्न उरतोच. दुसऱ्या कुणाच्या तरी साइटवर पडलेल्या लिंकमध्ये असं काय असतं, की त्यामुळे एखादं दुकान अख्ख्या अमेरिकेत पहिलं येतं आणि दोन तासांत गायबही होतं?

सुरुवात झाली प्रबंधांच्या तळटीपांपासून

नव्वदच्या दशकात इंटरनेटवर काही शोधायचं तर अल्टाव्हिस्टासारखी सर्च इंजिन होती. ती मुख्यतः पानावर काय लिहिलंय ते बघायची. तुम्ही 'हॉटेल' शोधलं, की ज्या पानावर 'हॉटेल' हा शब्द जास्त वेळा, जास्त ठळक जागी, ते पान वर. मग लोकांनी काय केलं? पानाच्या तळाशी पांढऱ्या रंगावर पांढऱ्या अक्षरात शंभर वेळा 'हॉटेल' लिहून ठेवलं. वाचणाऱ्याला दिसत नाही, मशीनला दिसतं. थोडक्यात, ज्याने स्वतःचीच आरती जास्त वेळा ओवाळली तो वर.

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी पीएचडी करत होते. संशोधनाच्या जगात एक जुनी रीत आहे. एखादा शोधनिबंध किती महत्त्वाचा, हे तो लिहिणारा ठरवत नाही. दुसऱ्या किती संशोधकांनी आपल्या निबंधात त्याचा संदर्भ दिला, यावरून ते ठरतं. युजीन गारफील्ड यांनी साठच्या दशकातच अशा संदर्भांची मोठी सूची काढायला सुरुवात केली होती.

पेज यांच्या डोक्यात आलं की वेबवरची लिंक म्हणजे तरी काय, संदर्भच की. एका पानाने दुसऱ्या पानाकडे बोट दाखवलं, म्हणजे 'हे बघण्यासारखं आहे' असं सांगितलं. फक्त अडचण अशी होती की पानावरून बाहेर जाणाऱ्या लिंक्स दिसतात, पण त्या पानाकडे कोण कोण बोट दाखवतंय ते दिसत नाही. ते कळायचं तर अख्खं वेब पालथं घालावं लागणार. १९९६ मध्ये त्यांनी तेच करायला घेतलं. पानाच्या मागे असलेल्या लिंक्स मोजायच्या म्हणून प्रकल्पाचं नाव ठेवलं 'बॅकरब'. पुढे त्याचंच गुगल झालं. १९९८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी उभी राहिली. पद्धतीला नाव मिळालं 'पेजरँक'. यातला 'पेज' म्हणजे वेबपान आणि लॅरी पेज यांचं आडनावही.

या पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होतं. त्याच्या बदल्यात विद्यापीठाला गुगलचे जे शेअर मिळाले, ते २००५ मध्ये विकून ३३.६ कोटी डॉलर आले. 'कोण कुणाकडे बोट दाखवतंय ते मोजा' या एका कल्पनेची ही किंमत.

पेजरँक म्हणजे सोयरीक जमवतानाची चौकशी

गणित बाजूला ठेवून बघितलं तर पेजरँकची पद्धत मराठी घरात नवी नाही. मुलीसाठी स्थळ आलं की आपण काय करतो? मुलाचा बायोडेटा वाचतो, पण त्यावर विसंबत नाही. चौकशी करतो. आणि चौकशीत तीन गोष्टी आपोआप होतात.

पहिली, किती लोक चांगलं बोलले. दुसरी, कोण बोललं. नाक्यावरच्या दहा अनोळखी पोरांनी 'मुलगा चांगलाय' म्हणणं आणि शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांनी एकदा तसं म्हणणं, यात फरक असतो. तिसरी, तो माणूस ऊठसूट सगळ्यांचंच कौतुक करतो का? जो गावातल्या प्रत्येक मुलाला 'हिरा आहे हिरा' म्हणतो, त्याच्या शब्दाला फारसं वजन राहत नाही.

पेजरँकमध्ये हेच तीन नियम आहेत. जास्त पानांनी लिंक दिली तर वजन वाढतं. ज्यांना स्वतःला वजन आहे अशा पानांनी दिली तर ते जास्त वाढतं. आणि एखाद्या पानावरून बाहेर जितक्या लिंक्स, तितक्यांत त्याचं वजन वाटलं जातं. पानावर १० लिंक्स असतील तर प्रत्येकीला एक दशांश, १००० असतील तर एक सहस्रांश.

यात एक गोल गुंता आहे. माझं वजन माझ्याकडे बोट दाखवणाऱ्यांवर, त्यांचं वजन त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांवर. मग सुरुवात कुठून करायची? उत्तर सोपं आहे. आधी सगळ्यांना सारखंच वजन द्यायचं, मग हिशोब पुन्हा पुन्हा करत राहायचा. काही फेऱ्यांनंतर आकडे हलायचे थांबतात. वेबवर निरुद्देश भटकणारा एक माणूस आहे, तो समोर दिसेल त्या लिंकवर क्लिक करत पुढे जातो आणि मध्येच कंटाळून एखादं भलतंच पान उघडतो, अशी कल्पना त्या निबंधात आहे. हा माणूस ज्या पानावर जास्त वेळा पोहोचेल, ते पान महत्त्वाचं. तो लिंकवरून पुढे जाईल याची शक्यता त्यांनी साधारण ०.८५ धरली होती.

आज गुगल एवढ्या एकाच गोष्टीवर चालत नाही. पानावरचा मजकूर, शोधणाऱ्याची भाषा, त्याचं ठिकाण, माहिती किती ताजी आहे, अशा कितीतरी गोष्टी बघितल्या जातात. लिंकचं महत्त्व पूर्वीइतकं राहिलेलं नाही, असं गुगलचे लोकही सांगतात. पण ते संपलेलं नाही. एकाच विषयावर सारख्याच दर्जाची दोन पानं असतील, तर ज्याची शिफारस भरवशाच्या लोकांनी केलीय ते पुढे जाणार, हे तत्त्व कायम आहे.

कुठली लिंक वजनाची, कुठली हलकी?

लिंक मोजताना गुगल तिचा आगापिछा बघतं. समजा नाशिकजवळचा एक शेतकरी द्राक्षबागेत राहायची सोय करतो आणि त्याची वेबसाइट आहे. त्याला चार ठिकाणांहून लिंक मिळाली असं धरू.

प्रवासावर लिहिणाऱ्या एका ब्लॉगरने तिथे राहून आल्यावर लेख लिहिला आणि मजकुराच्या ओघात लिंक दिली. ही सगळ्यात चांगली. विषय जुळतो, लिहिणारा खरा आहे, वाचणारे त्यावर क्लिक करून येणार आहेत. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने द्राक्ष हंगामाच्या बातमीत उल्लेख करून लिंक दिली, तीही उत्तम.

तिसरी लिंक मित्राच्या मोबाइल दुरुस्तीच्या साइटवर अगदी तळाशी, प्रत्येक पानावर. ही फारशी कामाची नाही. मोबाइल दुरुस्ती आणि द्राक्षबाग यांचा संबंध काय? आणि चौथी, परदेशातल्या एका साइटवर, जिथे एकाच पानावर औषधं, जुगार, कर्ज आणि नाशिकची द्राक्षबाग असं सगळं एका रांगेत आहे. तिचा उपयोग तर नाहीच, उलट अशा शेकडो जमल्या तर त्रासच.

आणखी एक गोष्ट म्हणजे लिंक ज्या शब्दांवर असते ते शब्द. त्याला 'अँकर टेक्स्ट' म्हणतात. एकाने 'इथे आम्ही राहिलो', दुसऱ्याने बागेचं नाव, तिसऱ्याने 'द्राक्षबागेतला मुक्काम' अशा वेगवेगळ्या शब्दांवर लिंक दिली, तर ते नैसर्गिक दिसतं, कारण माणसं वेगवेगळंच लिहितात. पण दोनशे साइटवर नेमकं 'नाशिकमधील सर्वोत्तम स्वस्त रिसॉर्ट' याच शब्दांवर लिंक असेल, तर कुणीतरी एकाच जागी बसून हे केलंय हे मशीनलाही कळतं. पेनीचं बिंग फुटलं त्यात या एकसारख्या शब्दांचाही हात होता.

मतांना किंमत आली की मतांचा बाजार भरतो

लिंक म्हणजे मत, हे कळल्यावर जे व्हायचं तेच झालं. २००० मध्ये गुगलने ब्राउझरला जोडायचा एक टूलबार आणला. त्यात कुठल्याही पानाचा पेजरँक शून्य ते दहा असा दिसायचा. आता प्रत्येक साइटला जणू भाव लागला. पेजरँक सातच्या साइटवरून लिंक हवी? इतके डॉलर. पाचची? जरा स्वस्त. हा आकडा लोकांना दाखवणं गुगलने २०१६ मध्ये पूर्ण बंद केलं, पण तोवर बाजार चांगलाच रुजला होता.

ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी फुकटचा मार्ग धरला. ब्लॉगखालच्या प्रतिक्रिया. 'छान लेख, माझ्या साइटला भेट द्या' अशा लाखो प्रतिक्रिया यंत्राने टाकल्या जाऊ लागल्या. जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचं एमएसएन एकत्र आले आणि त्यांनी 'नोफॉलो' नावाची एक खूण मान्य केली. लिंकला ही खूण लावली की सर्च इंजिनाला कळतं, 'लिंक दिलीय, पण ही माझी शिफारस समजू नका'. २०१९ मध्ये त्यात दोन खुणा वाढल्या. 'स्पॉन्सर्ड' म्हणजे पैसे घेऊन दिलेली लिंक आणि 'यूजीसी' म्हणजे वाचकांनी टाकलेली लिंक. पैसे देऊन जाहिरात करणं हा गुन्हा नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. फक्त ती शिफारस असल्याचं सोंग आणायचं नाही.

२४ एप्रिल २०१२ ला 'पेंग्विन' नावाचा बदल आला. पेनीच्या वेळी माणसांनी बघून कारवाई केली होती, इथे यंत्रच खोट्या लिंक्स ओळखू लागलं. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर परिणाम झाला, असं गुगलने सांगितलं. आकडा छोटा वाटतो, पण ज्यांचा धंदा त्या टक्क्यांत होता त्यांचं दुकान एका रात्रीत अंधारात गेलं.

तरी मोह सुटत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये 'रॅप जिनियस' या गाण्यांचे शब्द आणि अर्थ देणाऱ्या गाजलेल्या साइटने ब्लॉगरना एक ऑफर दिली. तुमच्या लेखाखाली आमच्या जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या लिंक्सची यादी चिकटवा, आम्ही तुमचा लेख ट्विट करू. एकाने तो ईमेल सरळ जगजाहीर केला. नाताळच्या दिवशी रॅप जिनियसला स्वतःच्या नावाने शोधलं तरी ती पहिल्या पानावर दिसेना. त्यांनी माफी मागितली, लिंक्स शोधून काढल्या, त्या हटवायला लावल्या. दहा दिवसांनी ते परत आले. मोठी कंपनी, हाताशी इंजिनिअर, म्हणून दहा दिवसांत निभावलं. सावंतवाडीतल्या एखाद्या होमस्टेवाल्याला हे जमेल का?

शेअर झालं म्हणजे लिंक मिळाली का?

फेसबुकवर पोस्ट पाच हजार वेळा शेअर झाली, म्हणजे पाच हजार बॅकलिंक मिळाल्या, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. सोशल मीडियावरच्या बहुतेक लिंक्सना आधीच 'नोफॉलो' किंवा तशीच खूण लावलेली असते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेल्या पत्त्यावर तर क्लिकही होत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये काय फिरतंय ते गुगलला दिसतच नाही.

विकिपीडियाचंही तसंच. अनेकजण मराठी विकिपीडियावर जाऊन आपल्या साइटची लिंक संदर्भ म्हणून डकवतात. तिथल्या बाहेर जाणाऱ्या लिंक्सवर 'नोफॉलो' असतं. वजन मिळत नाही, आणि संपादकाच्या लक्षात आलं की ती लिंकही उडते.

मग सोशल मीडिया निरुपयोगी का? अजिबात नाही. त्याचा फायदा वळणाने होतो. पोस्ट पाच हजार लोकांनी बघितली आणि त्यातल्या एका पत्रकाराने किंवा ब्लॉगरने त्यावर लिहिताना लिंक दिली, तर ती एक लिंक खरी. शेअर म्हणजे दवंडी. लिंक म्हणजे कुणीतरी नावानिशी दिलेला शब्द.

मग चांगली लिंक मिळवायची कशी?

याचं उत्तर एका उदाहरणातून बघू. समजा रत्नागिरीतलं एक कुटुंब आपल्या बागेतला हापूस ऑनलाइन विकतं. साइटवर फोटो आहेत, भाव आहेत, 'ऑर्डर करा' हे बटण आहे. या साइटला कुणी लिंक का देईल? विक्रीच्या पानाला सहसा कुणी लिंक देत नाही. लोक लिंक देतात ती माहितीला.

आता या कुटुंबाकडे अशी माहिती आहे जी मुंबईतल्या कुठल्याही एजन्सीकडे नाही. दुसरीकडून आलेला आंबा हापूस म्हणून विकला जातो, तो ओळखायचा कसा? साल, वास, देठाजवळचा आकार, कापल्यावरचा रंग. त्यांनी दोन्ही आंबे शेजारी ठेवून फोटो काढले आणि सरळ मराठीत एक पान लिहिलं. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात, हेही तिथे सांगितलं. यंदा मोहोर कधी आला, पहिली पेटी कधी निघाली, अवकाळीने किती गळ झाली, याची आपल्या बागेपुरती नोंद दर वर्षी त्याच पानावर ठेवली.

दर एप्रिलमध्ये 'अस्सल हापूस कसा ओळखाल' ही बातमी करायला पत्रकारांना असंच काहीतरी हवं असतं. खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्यांना फोटो हवे असतात. परदेशातल्या मराठी मंडळांना आपल्या सभासदांना सांगायला भरवशाचं पान हवं असतं. इथून येणारी लिंक कुणाकडे मागावी लागत नाही. आणि यायला लागली की ती दर हंगामात येत राहते.

बाकीचे मार्ग साधे आहेत आणि बहुतेकांच्या हाताशीच असतात.

आधीपासूनची ओळख: तुम्ही ज्यांच्याकडून माल घेता, ज्यांना देता, ज्या व्यापारी संघटनेचे सभासद आहात, ज्या कॉलेजात शिकलात, तिथल्या साइटवर तुमचं नाव येऊ शकतं का? हे नातं खरं असल्यामुळे ती लिंकही खरी.

नाव आहे, लिंक नाही: गुगलवर स्वतःच्या व्यवसायाचं नाव अवतरणचिन्हात टाकून शोधा. कुणी लेखात तुमचा उल्लेख केलाय पण लिंक दिलेली नाही, असं दिसलं तर नम्रपणे दोन ओळींचा ईमेल करा. अर्धं काम आधीच झालेलं असतं.

तुटलेल्या लिंक्स: तुमच्या विषयावरच्या चांगल्या पानांवर कित्येकदा मेलेल्या लिंक्स असतात. क्लिक केलं की 'पान सापडलं नाही'. त्या पानाच्या मालकाला कळवा, आणि तुमच्याकडे त्याच विषयावर चांगलं पान असेल तर तेही सुचवा. त्याचाही फायदा, तुमचाही.

घर बदलताना पत्ता ठेवा: साइट नवी केली, पानांचे पत्ते बदलले, आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यावर पाठवणारी सोय केलीच नाही, ही फार सर्रास होणारी चूक. दहा वर्षांत कमावलेल्या लिंक्स एका दुपारी वाया जातात. साइट बनवणाऱ्याला '३०१ रीडायरेक्ट केलं का?' एवढं एकच वाक्य विचारा.

नकाशावरचं खातं: तुमचं दुकान गावापुरतं असेल तर गुगलचं 'बिझनेस प्रोफाइल' आधी नीट भरा. जवळचं दुकान शोधताना गुगल तीन गोष्टी बघतं: ते शोधाशी किती जुळतं, किती अंतरावर आहे आणि किती नावाजलेलं आहे. या नावाजलेपणात लिंक्सही येतात आणि ग्राहकांनी लिहिलेले अभिप्रायही.

यातलं काहीही आठवड्यात फळत नाही. एसईओचं काम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गुगलच्याच लोकांनी सांगितलंय. आंब्याचं कलमसुद्धा लावल्या वर्षी फळ देत नाही.

'हजार बॅकलिंक'चं पॅकेज विकायला आलं तर?

वेबसाइट काढली की महिन्याभरात फोन, ईमेल, मेसेज सुरू होतात. 'सर, तुमची साइट गुगलवर पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी. हजार बॅकलिंक, अमुक इतके रुपये.' अशा वेळी पैसे द्यायच्या आधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिला प्रश्न, गॅरंटी कशाची? गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही. जो देतो तो एक तर खोटं बोलतोय किंवा असा शब्द शोधून ठेवलाय जो कुणी शोधतच नाही. दुसरा, लिंक्स कुठल्या साइटवर लावणार, यादी आधी दाखवा. यादी 'सीक्रेट' असेल तर तिथेच थांबा. तिसरा, त्यातली कुठलीही दोन पानं उघडून स्वतःला विचारा, हे पान कुणी माणूस वाचत असेल का?

'डीए पन्नासच्या साइट देतो' असंही सांगतात. डीए म्हणजे 'डोमेन अथॉरिटी'. हा आकडा मॉझ नावाच्या एका खासगी कंपनीचा अंदाज आहे. गुगल तो वापरत नाही. आणि तो फुगवताही येतो.

या स्वस्तातल्या लिंक्स येतात कुठून? कुणीतरी मुदत संपलेली जुनी डोमेन विकत घेऊन त्यांचं जाळं उभं करतं आणि त्यावर एकमेकांना लिंक्स देतं. कुणी ब्लॉगच्या प्रतिक्रियांत यंत्राने मजकूर ओततं. आणि काही तर सरळ चोरीच्या असतात. कुणी लक्ष देत नाही अशा कॉलेजांच्या, संस्थांच्या, सरकारी साइट फोडून त्यांच्या पानांत लपवलेल्या लिंक्स घुसवल्या जातात. तुम्ही भरलेल्या पैशातून एखाद्या संस्थेची साइट फोडली गेली, हे तुम्हाला कळतही नाही.

कुठलीही लिंक घ्यायच्या आधी एक कसोटी पुरते: जगात गुगल नसतंच, तर ही लिंक आपण घेतली असती का? हापूसवरच्या बातमीतली लिंक घेतलीच असती, कारण ती वाचून गिऱ्हाईक येतं. घोरण्यावरच्या साइटवर ड्रेसची लिंक? मुळीच नाही.

आधीच विकत घेतल्या असतील तर?

घाबरायचं कारण नाही, पण तपासायचं कारण आहे. गुगलचं 'सर्च कन्सोल' फुकट आहे. त्यात 'लिंक्स' या भागात तुमच्याकडे कोण बोट दाखवतंय याची यादी मिळते आणि 'मॅन्युअल ॲक्शन्स' या भागात तुमच्यावर कारवाई झालीय का ते कळतं.

तिथे काही नसेल तर बहुधा त्या लिंक्सचं वजन नुसतंच शून्य धरलं गेलंय. २०१६ पासून पेंग्विन खोट्या लिंक्सबद्दल साइटला खाली ढकलण्याऐवजी त्या लिंक्सकडे दुर्लक्ष करण्यावर भर देतो. म्हणजे तोटा फक्त पैशांचा. कुणी प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम तुमच्या साइटकडे घाणेरड्या लिंक्स वळवल्या तरी एवढ्याने सहसा काही बिघडत नाही, तेही याचमुळे.

कारवाई झालेली असेल तर मात्र काम वाढतं. लिंक्स लावणाऱ्याला त्या काढायला सांगा, कुणाला कधी कळवलं याची नोंद ठेवा. ज्या निघत नाहीत त्यांची यादी 'डिसॲव्हाव' या सोयीतून गुगलला द्या, म्हणजे 'या माझ्या धरू नका' असं सांगणं. मग फेरविचाराचा अर्ज करा आणि काय झालं ते खरं लिहा. कारवाई नसताना हे डिसॲव्हाव उगाच वापरू नये. चुकून चांगल्या लिंक्सवरही पाणी सोडलं जातं.

तुमची वेबसाइट नसेल तरीही

हे सगळं वाचून वाटेल की आपली तर वेबसाइटच नाही, आपला काय संबंध? पण लिंक म्हणजे मत असेल, तर ब्लॉग लिहिणारा, एखाद्या मंडळाची साइट सांभाळणारा, कॉलेजच्या पानावर मजकूर टाकणारा प्रत्येकजण मतदार आहे.

मराठी इंटरनेटवर ही मतं फार वाया जातात. कुणीतरी चार महिने हिंडून एखाद्या गडावरच्या वाटा, पाण्याची टाकी, मुक्कामाची सोय असं सगळं लिहितं. तो मजकूर जसाच्या तसा दहा साइटवर चिकटतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'साभार: इंटरनेट'. फार तर 'सौजन्य: व्हॉट्सॲप'. माणसाला तर ते नाव कळत नाहीच, पण गुगललाही मूळ कुठलं आणि नक्कल कुठली ते सांगणारी खूण मिळत नाही. मग कधी कधी नक्कल वर दिसते आणि जो प्रत्यक्ष गड चढला तो चौथ्या पानावर राहतो. असं दोन-तीनदा झालं की तो लिहायचं थांबतो.

पुढच्या वेळी कुणाचं काही घ्याल तेव्हा 'साभार'च्या पुढे त्या पानाची लिंक द्या. त्याला दहा सेकंद लागतात, पैसे लागत नाहीत, आणि ज्याने कष्ट केले त्याच्याकडे बोट जातं.